भोकांचे कण, कॅन्सरचे औषध आणि आपली एक खोली

८ ऑक्टोबर २०२५ रोजी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते तिघांना विभागून मिळाले. त्यांपैकी एक ओमर याघी. जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानशा एका खोलीत डझनभर माणसे, सोबत पाळलेली जनावरे, घरात वीज नाही, नळ नाही. दहा वर्षांचे असताना शाळेच्या एरवी कुलूपबंद असणाऱ्या वाचनालयात ते शिरले आणि हाताला लागलेल्या पुस्तकात त्यांनी पहिल्यांदा रेणूंची चित्रे पाहिली. पंधराव्या वर्षी ते अमेरिकेला गेले. तिथे दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देणे, फरशी पुसणे अशी कामे करत शिकले. आपल्या वाचकांना ही हकिकत फार लांबची वाटणार नाही. एका खोलीत, सगळे झोपल्यावर अभ्यास करणे म्हणजे काय, हे परळच्या चाळीत दिवस काढलेल्या बाबासाहेबांच्या लेकरांना कोणी समजावून सांगायला नको.

याघी आणि त्यांच्यासोबतचे सुसुमु कितागावा व रिचर्ड रॉबसन यांना पारितोषिक मिळाले ते भोकांबद्दल. म्हणजे आतून पोकळ, जाळीदार असे पदार्थ बनवण्याबद्दल. अशा पदार्थांचा उपयोग पुष्कळ ठिकाणी होतो. वाळवंटातल्या हवेतून पाणी गोळा करण्यापासून विषारी वायू साठवण्यापर्यंत. त्यातलाच एक उपयोग कॅन्सरच्या औषधासाठी व्हावा म्हणून जगभर खटपट चालू आहे, आणि त्याच उपयोगाच्या बातम्या मोबाइलवर सर्वांत जास्त फिरतात. ‘आता नॅनो कण थेट गाठीत जाऊन कॅन्सर मारणार, केमोची गरज नाही’ अशा थाटाच्या. घरात कोणी आजारी असले की असा संदेश माणूस चारदा वाचतो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. यात खरे काय आहे, कुठवर आले आहे आणि आपल्या हातात आज काय आहे, ते पाहू.

माठ, आंबोळी आणि सिलिका

उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आंबोळीला जाळी पडते, तीही छिद्रेच. जाळी चांगली पडली की रस्सा जास्त शोषला जातो. सच्छिद्र पदार्थाचे सगळे मर्म एवढ्यात आहे : बाहेरून छोटा, आत जागा भरपूर, आणि त्या जागेत काहीतरी धरून ठेवता येते.

आता ही जाळी किती बारीक असू शकते ते पाहू. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या कणांबद्दल आपण बोलतो आहोत ते बहुधा शंभर-दोनशे नॅनोमीटरचे, आणि त्यांच्या अंगावरची भोके दोन-तीन नॅनोमीटरची. अशा एक ग्रॅम पावडरच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे एक हजार चौरस मीटर जागा होते. आपल्या हिशेबात सांगायचे तर दहा बाय दहाच्या शंभरावर खोल्या, आणि त्या चिमूटभर पावडरीत! मुंबईतल्या कुणाही बिल्डरला हे ऐकून झोप लागणार नाही.

या पदार्थांतला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त अभ्यासलेला म्हणजे सच्छिद्र सिलिका. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ. १९९२ साली अमेरिकेतल्या मोबिल या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांना औषधाशी काही घेणेदेणे नव्हते. तेलशुद्धीकरणासाठी त्यांना चांगली चाळण हवी होती. रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. साबणासारख्या एका रसायनाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन बारीक काड्यांचे गठ्ठे करतात. त्या काड्यांभोवती सिलिका जमू देतात. मग भट्टीत तापवून किंवा धुऊन तो साबण काढून टाकतात. काड्यांच्या जागी सरळ, एकसारख्या पोकळ नळ्या उरतात. विहारातली धातूची बुद्धमूर्ती ओतणारा कारागीर मेणाचा साचा करतो, त्यावर माती लिंपतो आणि मेण वितळवून पोकळी मिळवतो, त्याच जातीची ही युक्ती.

पुढे २००१ साली स्पेनमधल्या माद्रिद इथल्या मारिया व्हॅलेट-रेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नळ्यांत आयब्युप्रोफेन भरून पाहिले. आयब्युप्रोफेन म्हणजे आपण अंगदुखीला, तापाला घेतो तीच साधी गोळी. औषध आत बसले आणि सावकाश बाहेर आले. तिथून या कणांना औषध वाहून नेणारी गाडी म्हणून पाहायला सुरुवात झाली.

इथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. आपले अनेक बांधव दगडखाणीत, खडी क्रशरवर, लाद्या कापण्याच्या, इमारती पाडण्याच्या कामावर आहेत. ते विचारतील की सिलिकाची धूळ तर छाती खाते, मग तीच औषधात कशी? प्रश्न अगदी बरोबर आहे. दगडाच्या धुळीतली सिलिका स्फटिकरूप असते. ती फुफ्फुसात वर्षानुवर्षे रुतून बसते, तिने सिलिकोसिस होतो आणि फुफ्फुसाचा कॅन्सरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तिला कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. औषधासाठी वापरतात ती सिलिका स्फटिक नसलेली, वेगळ्या रचनेची असते आणि ती शरीरात हळूहळू विरघळते. मीठ, मसाल्याची भुकटी गोळा होऊ नये म्हणून अशीच स्फटिक नसलेली सिलिका थोडी घालतात. नाव एक असले तरी वागणूक वेगळी. पण यावरून क्रशरवर तोंड न झाकता काम करायला मोकळीक मिळाली, असे कोणी समजू नये. पाणी मारून धूळ बसवणे आणि नीट बसणारा मास्क देणे ही मालकाची जबाबदारी आहे. साधा रुमाल ती धूळ अडवत नाही.

दिसेलही आणि मारेलही

केमोथेरपी घेतलेल्या माणसाच्या घरी तिची अडचण ठाऊक असते. शिरेतून दिलेले औषध सगळ्या अंगभर फिरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून औषध त्यांना मारते, पण केसांच्या मुळाशी, आतड्यात, हाडांच्या मगजात वाढणाऱ्या चांगल्या पेशींनाही मारते. डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल रंगाचे औषध स्तनाच्या कॅन्सरला नेहमी देतात. त्याने केस जातात, उलट्या होतात आणि एकूण मात्रा वाढली तर हृदयावर परिणाम होतो. म्हणून डॉक्टर त्याचा आयुष्यभराचा हिशेब ठेवतात. दुसरी अडचण अशी की औषध गाठीपर्यंत पोचले का, हे तेव्हाचे तेव्हा दिसत नाही. दोन-चार डोस झाले, स्कॅन केला, मग कळते की गाठ आटली की तशीच आहे.

शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की भोकांत औषध भरू आणि त्याच कणाला स्कॅनमध्ये दिसेल अशी खूण लावू. ही खूण लोहाची किंवा गॅडोलिनियम या धातूची असेल तर कण एमआरआयमध्ये दिसेल. किरणोत्सारी असेल तर पेट स्कॅनमध्ये दिसेल. कणावर एखादा असा रेणू चिकटवू, जो कॅन्सरच्या पेशीला ओळखेल. फोलिक ॲसिड हे त्यातले नेहमीचे. गरोदर बायांना देतात तेच जीवनसत्त्व. काही कॅन्सरच्या पेशींना त्याची हाव असते. आणि भोकांच्या तोंडाला झाकण लावू. गाठीच्या आसपास आणि पेशीच्या आत गेल्यावर परिस्थिती थोडी आम्लधर्मी होते, तिथेच ते झाकण निघेल असे करू. वाटेत औषध सांडणार नाही, ठिकाणावर सांडेल, आणि पोचले की नाही ते डॉक्टरला पडद्यावर दिसेल. निदान आणि उपचार एकाच कणात. इंग्रजीत यासाठी दोन शब्द जोडून ‘थेरानॉस्टिक्स’ असा शब्द केला आहे. आपण त्याला ‘बघत बघत उपचार’ म्हणू.

याघींच्या जातीच्या जाळ्या इथे कामाला येतात. त्यांत धातूचे अणू म्हणजे चौकटीचे सांधे आणि कार्बनयुक्त रेणू म्हणजे दांडे. २०१० साली फ्रान्समधल्या पॅट्रिशिया होर्काहाडा, जेरार फेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या सांध्यांच्या अशा जाळ्या करून त्यांत कॅन्सरची आणि एचआयव्हीची औषधे भरून दाखवली. सांधेच लोहाचे असल्यामुळे वेगळी खूण लावायची गरजच पडली नाही; पिंजराच एमआरआयमध्ये दिसला. कल्पना म्हणून हे फार देखणे आहे, आणि आम्हाला ती वाचताना आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

गाडी अडते कुठे

पण रुग्णाच्या दारात कल्पना येत नाही, औषध यावे लागते. आणि तिथे मोठा खड्डा आहे.

गाठीत घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे बारीक कण त्यांतून बाहेर पडून गाठीत साठतात, हे १९८६ साली जपानी शास्त्रज्ञ हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी दाखवले. पुढची तीस वर्षे बहुतेक नॅनो औषधांचा डोलारा याच एका गोष्टीवर उभा राहिला. २०१६ साली कॅनडातल्या टोरंटोच्या एका गटाने मागच्या दहा वर्षांतले शंभरावर अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला : टोचलेल्या कणांपैकी गाठीत प्रत्यक्ष किती पोचले? निम्म्या अभ्यासांत हे प्रमाण ०.७ टक्क्यापेक्षा कमी निघाले. म्हणजे हजार कण पाठवले तर सात पोचले. बाकीचे कुठे गेले? बरेचसे यकृताने आणि प्लीहेने धरले. बाहेरची वस्तू रक्तात आली की ती गाळून घेणे हेच त्यांचे काम. ते त्यांनी इमानाने केले.

शिवाय यातले बहुतेक अभ्यास उंदरांवरचे. उंदराला मुद्दाम दिलेली गाठ पंधरा दिवसांत त्याच्या अंगाच्या मानाने भलीमोठी होते, तिच्या रक्तवाहिन्या खूप गळक्या असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढलेली, प्रत्येकाची वेगळी. उंदरात जमले म्हणून माणसात जमेल असे नसते. कण शरीरातून पूर्ण बाहेर पडतात का, किती दिवसांत, धातू मागे राहतो का, हेही तपासावे लागते. आणि प्रयोगशाळेत एक चमचा बनवलेली पावडर कारखान्यात मणभर बनवताना प्रत्येक वेळी तशीच निघायला हवी, हे तर वेगळेच दुखणे.

माणसांपर्यंत पोचलेली उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी आहेत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेले सहा-सात नॅनोमीटरचे सिलिकाचे कण त्वचेचा पसरलेला कॅन्सर असलेल्या पाच रुग्णांना देऊन पाहिले गेले. तो अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. कण पेट स्कॅनमध्ये दिसले आणि लघवीवाटे बाहेर पडले, त्रास झाला नाही. पण ते भरीव कण होते, औषध वाहणारे नव्हते. शिकागोत हाफ्नियम या धातूची जाळी गाठीत टोचून वरून रेडिएशन देण्याचा प्रयोग माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात गेला. पहिला टप्पा म्हणजे ‘हे देणे सुरक्षित आहे का’ एवढाच प्रश्न. ‘बरे करते का’ हा प्रश्न नंतरचा. भोकांत औषध भरलेला, स्कॅनमध्येही दिसणारा आणि कॅन्सरवर चालणारा असा मान्यताप्राप्त कण आज कुठल्याही रुग्णालयात मिळत नाही.

म्हणून, ‘नॅनो’ नावाच्या बाटल्या, नॅनो सोन्याचे थेंब, नॅनो भस्म विकणारा कोणी दारी आला तर त्याला सरळ विचारा : कोणत्या कॅन्सरवर, किती माणसांवर तपासले, परवाना क्रमांक काय? तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले की कोणी सांगितले म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा बोलणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका. आपण कालाम सुत्त विहारात ऐकतो. घरात रिपोर्टची फाइल उघडी असताना ते जास्त उपयोगी पडते. अशा बाटल्यांत पैसा तर जातोच, पण त्यासोबत तीन-चार महिने जातात, आणि कॅन्सरमध्ये ते पैशापेक्षा महाग पडतात.

परळमध्ये आज काय मिळते

बघत बघत उपचार ही कल्पना मात्र भविष्यातली नाही. थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन गेल्या शतकाच्या चाळिशीपासून देतात. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. म्हणून किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिले की ते थायरॉइडच्या पेशी जिथे असतील तिथे जाते, तिथल्या पेशी मारते आणि कॅमेऱ्यात दिसतेही. कण नाही, भोके नाहीत. शरीराची सवयच गाडीचे काम करते.

त्याच वाटेने पुढे ल्युटेशियम-१७७ आले. त्याचे काही किरण पेशी मारतात, काही बाहेर येऊन कॅमेऱ्यात चित्र देतात. एका खास जातीच्या गाठींवर, ज्यांना न्यूरोएंडोक्राइन म्हणतात, आणि पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवर ते देतात. आधी दुसरा सौम्य किरणोत्सारी पदार्थ देऊन स्कॅन करतात. गाठीने तो ओढला तरच ल्युटेशियम देण्यात अर्थ. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, आणि त्याच केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात चालते. मानखुर्द-गोवंडीच्या वाचकांना तुर्भ्याचे ते कुंपण रोज दिसते. १९७६ साली जनता कॉलनी उठवून माणसांना चीता कॅम्पला टाकले, तेही याच केंद्राच्या वसाहतीसाठी, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. त्या कुंपणाच्या आत तयार होणारे औषध आपल्याही रुग्णाच्या हक्काचे आहे, हेही ठाऊक असावे.

या उपचाराबद्दल एक गोष्ट घरोघरी पोचावी, म्हणून थोडी लांबवून सांगतो. आयोडीनचा मोठा डोस दिल्यावर रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, कारण त्याच्या अंगातून, लघवीतून, घामातून, थुंकीतून किरणोत्सार बाहेर पडत असतो. घरी पाठवतानाही सूचना देतात : काही दिवस वेगळे झोपा, लहान मुले आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर ठेवा, संडासात जास्त पाणी टाका, कपडे-भांडी वेगळी धुवा. या सूचना दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे सहा माणसे एका खोलीत, संडास सार्वजनिक, आणि सून गरोदर. रुग्ण लाजेने मान हलवतो, ‘हो, वेगळी खोली आहे’ म्हणतो आणि घरी येतो. असे करू नका. उपचाराच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा : घर एका खोलीचे आहे, संडास सार्वजनिक आहे, घरात तान्हे मूल आहे. ते रुग्णाला जास्त दिवस ठेवून घेऊ शकतात, राहण्याची सोय सुचवू शकतात, तारीख पुढे-मागे करू शकतात. सांगितलेच नाही तर त्यांना कळायला मार्ग नाही.

वेगळे ताट, वेगळे अंथरूण, लांब बस, हे शब्द आपल्या समाजाने कोणत्या अर्थाने ऐकले आहेत ते आम्हाला माहीत आहे. म्हणून घरातल्यांनी रुग्णाला नीट समजावावे की हे वेगळेपण किरणांपुरते आहे, मोजून काही दिवसांचे आहे आणि तारीख उलटली की संपले. एरवी कॅन्सर शिवल्याने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. आयोडीन घेतलेले नसताना कॅन्सरच्या बाईची भांडी बाजूला काढणारे घर अजूनही दिसते. ते आपल्या घरात होऊ देऊ नये.

मिनिटभराची तपासणी

आता थोडे उलट्या बाजूने पाहू. नॅनो कणांवर जगभरात प्रचंड पैसा खर्च होत असताना मुंबईतल्या वस्त्यांत एक अगदी स्वस्त प्रयोग झाला. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. त्या पातळ व्हिनेगर, म्हणजे शिरका, गर्भाशयाच्या तोंडाला लावत आणि मिनिटभराने बघत. बिघडलेला भाग पांढरा पडतो. तशी बाई दिसली की पुढे रुग्णालयात. बारा वर्षांनी तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. हा निकाल २०१३ साली जगापुढे मांडला गेला. त्याआधी २००९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने झालेल्या मोठ्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले होते. मराठवाड्याच्या खेड्यांतल्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे.

मुंबईच्या प्रयोगाबद्दल दुसरी बाजूही सांगायला हवी. दीड लाखांतल्या निम्म्या बायका तुलनेसाठी होत्या. त्यांना माहिती दिली, तपासणी दिली नाही. संशोधकांचे म्हणणे असे की त्या काळी देशात कुणालाच नियमित तपासणी मिळत नव्हती, म्हणून कुणाचे काही काढून घेतले नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की ज्या तपासणीचा उपयोग आधीच माहीत होता ती नाकारलेल्या बायका गरीब वस्त्यांतल्याच का, आणि त्यांना पूर्ण समजावून संमती घेतली होती का? आम्हाला दुसरा प्रश्न रास्त वाटतो. या अभ्यासाने पुढच्या कित्येकींचा जीव वाचेल हे मान्य करूनही रास्त वाटतो.

आणि तो जुना झालेला नाही. उद्या या भोकांच्या कणांच्या चाचण्या माणसांवर होतील तेव्हा त्यांतल्या काही भारतात होतील आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत आपली माणसे असतील. चाचणीत भाग घेणे वाईट नाही; कुणीतरी भाग घेतला म्हणून आजची औषधे आली. पण २०१९ च्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांनी दिलेले हक्क माहीत असावेत. संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. वाचता येत नसेल तर ते त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवले पाहिजे. त्याची प्रत घरी न्यायला मिळते. ती मागून घ्या. नाही म्हटले तर नेहमीचा उपचार बंद करता येत नाही, आणि मध्येच बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, असते. क्रमांक विचारला तर सांगावाच लागतो. घरात शिकणारी पोरगी असेल तर तिला मोबाइलवर तो क्रमांक शोधायला सांगा. आणि आम्ही आणखी एक प्रश्न विचारू : औषध चालले तर चाचणी संपल्यावर ते मला मिळेल का, आणि कुणाच्या पैशाने?

राहिले आजचे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, साधे तिखट सोसेनासे होणे. स्तनात न दुखणारी गाठ. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणे. अंगावरून घाण वासाचे पाणी जाणे. यांतले काहीही असेल तर वाट पाहू नये. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा समज सर्वांत घातक, कारण सुरुवातीला कॅन्सर बहुधा दुखत नाही. गुटखा आणि खर्रा याबद्दल पुरुषांना बोलणारे आपण मिश्रीबद्दल मात्र गप्प बसतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायला वापरली म्हणून औषध होत नाही.

तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड या तिन्हींची तपासणी तीस वर्षांच्या पुढच्या माणसांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे. वस्तीतल्या आशाताईला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारले की दिवस कळतो. वर्षावासात विहारात बायका रोज जमतात. तेव्हाच एखाद्या दुपारी आरोग्य केंद्राच्या नर्सताईंना बोलावले तर दहाजणी एकत्र जातात आणि एकटीला वाटणारी लाज वाटत नाही. निदान झालेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो, कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन त्यात येतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. पैसे भरायच्या खिडकीवर जाण्याआधी त्याच्याकडे जा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आजवरचे सगळे रिपोर्ट सोबत ठेवा. रिपोर्टांच्या झेरॉक्स दोन काढा, एक संच घरी राहू द्या.